एकोणपन्नास कप्प्यांचं शहर

नकाशेबुवा त्या शहरात पाऊल ठेवत होते ते आयुष्यात पहिल्यांदाच. पण हे कोणी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांना ते मुळीच रुचलं नसतं. चौतीस वर्षं हे शहर रोज त्यांच्या हाताखालून गेलं होतं. जंक्शनच्या गावी टपालाच्या छाटणीत ते नोकरीला होते. भिंतीला लाकडी घोडा, म्हणजे कप्प्यांची उभी मांडणी, त्यात सात ओळी, एका ओळीत सात कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर शहराच्या एकेका भागाचं नाव लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. पत्र हातात आलं की पत्ता वाचायचा आणि बरोबर कप्प्यात भिरकावायचं. पत्ता अर्धवट असो, फाटका असो, 'मोठ्या घड्याळामागे, शिंप्याच्या वर' एवढाच असो, बुवांचा हात न बघता योग्य कप्प्याकडे जाई. म्हणून कचेरीत त्यांना नकाशा म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत त्या नकाशाचे नकाशेबुवा झाले, आणि खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं.

बायको लग्न झाल्यापासून म्हणत होती की एकदा ते शहर बघू या. बुवांचं उत्तर ठरलेलं. "त्यात बघायचंय काय? मला विचार." आणि मग जेवताना ते पहिली ओळ म्हणून दाखवत. बसस्थानक, घड्याळ चौक, नेत्रालय रस्ता, कापड बाजार, कोर्ट, छापखाना गल्ली, जुनी गोदी. त्यापाठोपाठ दुसरी ओळ. बायको भात वाढत ऐकून घेई. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, तरी शहर काही जेवणाच्या ताटाबाहेर गेलं नाही.

आता मात्र जावंच लागलं. बायकोला काचबिंदू झाला होता. हा आजार मोठा लबाड. तो कडेकडेनं नजर खातो आणि मधलं शेवटपर्यंत ठेवतो, त्यामुळे माणसाला वाटतं की आपल्याला दिसतंय. तिला समोरचं स्पष्ट दिसे, सुईत दोरा ओवता येई, पण बाजूनं आलेला माणूस अंगावर आदळेपर्यंत कळत नसे. बांगडीतून बघावं तेवढंच जग आता उरलं होतं, आणि ती बांगडीही दिवसेंदिवस लहान होत होती. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि बजावलं, "आता एक महिनाही घालवू नका." नेत्रालयातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई फक्त मंगळवारी दहा ते बारा नवे रोगी बघत. त्यामुळे घाई करूनही चार महिने थांबल्यावर साडेदहाची वेळ मिळाली होती. ती चुकली तर पुन्हा चार महिने, आणि चार महिन्यांत त्या बांगडीचं काय होईल ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

बायकोचा भाचा शहरातच कारखान्यात कामाला होता. तो म्हणाला, "मी रजा टाकून स्टँडवर येतो." बुवांनी त्याला फोनवरच उडवून लावलं. "अरे, नेत्रालय म्हणजे बसस्थानकापासून तिसरं. मधे फक्त घड्याळ चौक. तू कशाला तंगडतोड करतोस?"

गाडी पावणेनऊला पोचली. बुवांनी एका हातात कागदांची पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने बायकोचं कोपर धरलं आणि फाटकाबाहेर येऊन छाती भरून श्वास घेतला. पाच मिनिटांत घड्याळ चौक आला. उंच मनोरा, त्यावर चारी बाजूंना घड्याळं, चारींत चार वेगळ्या वेळा. बुवांना आनंद झाला, तो त्यांनी लपवलाही नाही.

"बघ. म्हटलं होतं की नाही? आता उजवीकडे."

"उजवीकडेच कशावरून?" बायकोनं विचारलं.

"कप्पा उजवीकडे आहे म्हणून."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला काही विचारायचं होतं, पण तोवर बुवा निघाले होते.

उजवीकडे काचेच्या इमारती लागल्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं गोल फिरणाऱ्या दारांतून आत जात होती, बाहेर येत होती, आणि सगळ्यांना उशीर झालेला होता. बुवांनी मान वर करून पाहिलं, पण एवढ्या काचेत वाचावी अशी एकही पाटी नव्हती. "नवीन झालं असेल हे," ते म्हणाले आणि पुढे निघाले. पुढे काच संपली आणि एकदम तेलाचा, लोखंडाचा वास सुरू झाला. रस्ता अरुंद झाला. दुकानांच्या दारांत साखळदंडांची भेंडोळी, ओळीनं मांडलेल्या पंपाच्या मोटारी, एक माणूस फुटपाथवर बसून लोखंडी चाकाला कानस मारतोय.

"हा नेत्रालय रस्ता," बुवा म्हणाले.

"समोरच्या पाटीवर बेअरिंग, पट्टे आणि नट-बोल्ट लिहिलंय."

"नेत्रालय पुढे असेल. रस्ता लांब असतो."

"डोळ्यांचा दवाखाना असता तर चष्म्याचं एखादं तरी दुकान दिसलं असतं."

बुवांनी पावलं उचलली. बाईचं म्हणणं खरं होतं, पण खऱ्याला कप्पा नव्हता.

एका वळणावर ती थबकली. दुकानाच्या काचेमागे नुसती बटणंच बटणं होती, शिंपल्याची, लाकडाची, पितळी, मुगाएवढी आणि ताटलीएवढी. ती काचेला नाक लावून एकेक खण बघत सरकू लागली, कारण एका वेळी तिला एकच खण दिसत होता. "थांबा ना जरा," ती म्हणाली. बुवांनी घड्याळ पाहिलं आणि तिचं कोपर ओढलं. तिची मान मात्र मागेच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, माणसानं सरळ कोणाला तरी विचारावं. आपण विचारलं असतं. पण नकाशेबुवांनी त्या शहरात वाट विचारायची म्हणजे स्वतःच्या घरात पाण्याचा माठ कुठे ते शेजाऱ्याला विचारण्यापैकी होतं. त्यांनी मनातल्या मनात घोडा समोर उभा केला, बोट ठेवलं, आणि ठरवलं की आपण चुकून दुसऱ्या ओळीत उतरलोय. म्हणजे वर चढायला हवं. वर म्हणजे कुठे, हा प्रश्न होताच. समोरचा रस्ता चढाचा होता. बुवांनी तोच धरला.

चढ संपला आणि आवाजच बंद झाला. दोन्ही बाजूंना मोठी झाडं, उंच फाटकं, फाटकांवर पितळी पाट्या. एका बंगल्यासमोर माळी पाइपाने पाणी मारत होता. कुत्रं एकदाच भुंकलं आणि तेही सभ्यपणे. पाटीवर लिहिलं होतं, हिरवी टेकडी.

बुवांनी पाटी पुन्हा वाचली. हिरवी टेकडी म्हणजे चव्वेचाळीस. अगदी तळाची ओळ, दिवसाला जेमतेम दहा पत्रं, तीही लग्नाची आमंत्रणं नाहीतर बँकेची पाकिटं. ती इथे, लोखंड बाजाराच्या डोक्यावर कशी? लोखंड बाजार तर नववा. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि टेकडीकडे असं बघू लागले की जणू तिनंच कोणाचा तरी डोळा चुकवून जागा बदललीय.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"कोणीतरी शहर चुकीचं लावलंय," बुवा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

बायकोला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. दहा वाजून गेले होते. "भाच्याला फोन करा," ती म्हणाली. बुवांनी केला. घंटी वाजून वाजून थांबली. कारखान्यात फोन कपाटात ठेवावे लागत, हे तिला ठाऊक होतं, आणि रजा कोणामुळे टाकली नाही हेही. "मग गाडी करा."

गाडी मिळाली. चालकाला नुसतं 'नेत्रालय' म्हटल्यावर त्यानं मान डोलावली आणि गाडी थेट उलटी वळवली. टेकडी उतरून, लोखंड बाजाराला वळसा घालून, घड्याळ चौक डावीकडे ठेवून ती नदीच्या पुलाकडे निघाली. पूल दिसताच बुवा सीटवरून पुढे आले.

"अहो, पुलाकडे कुठे चाललात?"

"नेत्रालयाला ना? पलीकडे आहे."

"पलीकडे?" बुवांचा आवाज चढला. "गावाकडची माणसं दिसली की फिरवायचं, होय? नेत्रालय घड्याळ चौकाच्या शेजारी आहे. चौतीस वर्षं मी या शहराचं टपाल लावलंय."

"काका, मी काल तीनदा जाऊन आलोय तिथे."

"गाडी थांबवा."

बायकोनं त्यांची बाही धरली. "अहो, जाऊ दे ना त्यांना. साडेदहा वाजायला आलेत."

"थांबवा म्हणतो ना."

चालकानं पुलाच्या तोंडाशीच गाडी उभी केली. त्यानं वाद घातला नाही. असा उतारू त्याला आठवड्यातून एखादा भेटतच असणार. भाडं घेऊन तो पूल ओलांडून निघून गेला, आणि ही दोघं पुलाकडे पाठ करून पुन्हा शहरात शिरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. फरक इतकाच की इथे कळसा नदीपलीकडे होता.

पुढच्या सव्वा तासात काय झालं ते बुवांना नंतर नीट सांगता आलं नाही. एका गल्लीत नुसती छापखान्यांची यंत्रं खडखडत होती आणि माणसं ओल्या कागदांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन पळत होती. तिला लागूनच इतकी शांत गल्ली की बायका खिडकीतून खिडकीशी बोलत होत्या. त्या गल्लीच्या तोंडाशी कोर्टाचा चौक, काळे कोट, टंकलेखकांच्या टेबलांची रांग. सहावं, एकतिसावं आणि पाचवं, तिन्ही एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. प्रत्येक पाटी बुवांच्या ओळखीची होती आणि एकही जागेवर नव्हती. ज्या नावांशी आपण चौतीस वर्षं संसार केला ती सगळी आज ओळख दाखवेनात, असं त्यांना झालं. घामानं सदरा पाठीला चिकटला. बायकोला डावीकडून एका हातगाडीचा दांडा लागला, ती कळवळली, आणि बुवा तिलाच म्हणाले, "बघून चाल ना."

हे शब्द तोंडातून गेले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. बायकोनं कोपर सोडवून घेतलं.

समोरून खाकी कपड्यांतली एक टपालवाली येत होती. खांद्याला चामडी पिशवी, हातात पत्रांचा गठ्ठा, त्यावर रबर. बुवांनी तिला पाहिलं आणि आपलं माणूस दिसल्यासारखा त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, पण विचारायला जीभ काही उचलेना. बायको मात्र थेट तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"ताई, नेत्रालय कुठे हो?"

"नेत्रालय? ते पुलापलीकडे, काकू. इथून चार किलोमीटर तरी असेल."

"कसं शक्य आहे?" बुवा मधे पडले. "बसस्थानक एक, घड्याळ चौक दोन, नेत्रालय तीन."

टपालवालीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "छाटणीत होता का तुम्ही?"

"चौतीस वर्षं."

"तरीच. आमच्याकडे एकजण छाटणीतून बिटावर, घरोघर पत्रं वाटायला आले, ते पहिल्या दिवशी असेच दुपारपर्यंत फिरत होते. काका, कप्पे काय शहराप्रमाणे लावतात? ज्याचं टपाल जास्त ते हाताशी, कमी ते तळाला. घोडा माणसाच्या हाताच्या मापाचा असतो."

हे बुवांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, रोजच्या कामातलं होतं, म्हणूनच ते कधी मनात आलं नव्हतं. आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, तशी त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. नेत्रालय रस्ता मुळात शेहेचाळीसवा होता. अठरा वर्षांपूर्वी त्या दवाखान्याचं टपाल अचानक वाढलं, दर पत्रामागे वाकावं लागे आणि बुवांची कंबर धरली. त्यांनी साहेबांकडे रीतसर अर्ज केला, साहेबांनी मान्य केला, आणि बुवांनी स्वतःच्या हातांनी शेहेचाळीसचं कार्ड काढून तिसऱ्या कप्प्यावर खोचलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलंही होतं की आज मी एक मोठं काम केलं.

"मीच आणलं ते इथे," ते पुटपुटले.

"काय आणलं?" बायकोनं विचारलं.

बुवांना सांगवेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या फुटपाथवर कळलं. दवाखाना त्यांनी आपल्या कमरेच्या सोयीसाठी हलवला होता, आणि त्याची किंमत आता तिच्या डोळ्यांनी द्यायची होती.

टपालवालीनं घड्याळ पाहिलं, गठ्ठा पिशवीत टाकला आणि त्या दोघांना बसच्या थांब्यापर्यंत नेलं. बस आली तेव्हा वाहकाला बजावलं, "यांना नेत्रालयाच्या दारात उतरवा. काका मधेच उतरतो म्हणाले तर उतरू देऊ नका." बस पुलावरून गेली. खाली रुंद, मंद नदी होती. घोड्यात नदी नव्हती. नदीला कोणी पत्रं लिहीत नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. खिडकीवरच्या बाईनं वही पाहिली. "तीनदा नाव पुकारलं. डॉक्टर उठल्या. पुढची तारीख चार महिन्यांनी मिळेल."

बुवांच्या ओठांवर नेहमीची वाक्यं येऊन उभी राहिली, गाडीवाल्यानं फसवलं, शहर बदललं, पाट्या नाहीत. त्यांनी ती गिळली. "ताई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मला वाट माहीत नव्हती आणि मी कोणाला विचारलं नाही. ही तीन तास सांगत होती. हिला काही शिक्षा नको." बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

खिडकीवरची बाई उठली आणि आत गेली. डॉक्टरीणबाई पर्स खांद्याला लावून निघाल्याच होत्या. त्यांनी दारातून या दोघांकडे पाहिलं, पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवली आणि दिवा लावला.

तपासायला पाऊण तास लागला. मग त्या म्हणाल्या, "कडेचं जे गेलं ते परत येणार नाही. खोटी आशा देत नाही. मधलं राहिलंय ते धरून ठेवायचा प्रयत्न करू. पुढच्या गुरुवारी शस्त्रक्रिया."

"ते किती दिवस टिकेल?" बुवांनी विचारलं.

"वर्षं टिकेल, कदाचित महिने. आज सांगता येणार नाही. पण आणखी चार महिने थांबला असतात तर विचारायलाच नको होतं."

बायकोनं एवढंच विचारलं, "आज दिसतंय तेवढं आज दिसेल ना?"

"आज दिसेल."

बाहेर आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. परतीची गाडी सहाला होती. बुवा खालच्या आवाजात म्हणाले, "इथून सरळ बसस्थानकावर जाऊन बसू. वाहकाला विचारतो मी. विचारूनच जाऊ."

"मला बसायचं नाही," बायको म्हणाली. "मला शहर बघायचंय."

"माझ्याबरोबर? सकाळपासून बघितलंस ना माझं शहर. मला हे गाव येत नाही गं. अगदी काहीच येत नाही."

"मलाही येत नाही. पण इतकी वर्षं तुम्ही मला ते ताटावर वाढलंत आणि आज मी आले तर ओढत नेलंत. मी एक दुकान धड बघितलं नाही. मला रागच आलाय तुमचा." तिचे डोळे भरले. तिनं पदरानं पुसले आणि त्यांच्याकडे नीट बघता यावं म्हणून मान वळवून त्यांचा चेहरा आपल्या बांगडीत आणला. "आता पाठ केलेलं काही सांगायचं नाही. मधलं मी बघते. कडेचं तुम्ही सांगा. आणि जे असेल तेच."

बुवांनी हात पुढे केला, आणि तिनं आपणहून कोपर त्यात दिलं.

"उजवीकडे शिडी लावून एक माणूस पाटी रंगवतोय," ते म्हणाले. "अजून अर्धीच झालीय. कसली आहे ते कळत नाही."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे गल्ली आहे. कुठे जाते माहीत नाही."

"मग तिथूनच जाऊ."

दोघं वळली. बुवा आता पावलापावलावर बघत होते, घाबरल्यासारखे, आणि एकेक गोष्ट सांगत होते. भिंतीला टेकवलेली सायकल. झोपलेलं कुत्रं. तिसऱ्या मजल्यावरून गादी झटकणारी बाई.

"पायरी आहे," ते म्हणाले. तिनं पाय उचलला, आणि पायरी होती.